न पाहिलेल्या यंत्राची तपासणी

आयुष्यभर मी वस्तू तपासल्या. त्यांतली जी सर्वांत बारकाईने तपासली, ती त्या वेळी माझ्यापुढे नव्हती. ती कोणाच्याच पुढे नव्हती. ती मुळात आहे की नाही, यावरच वाद चालू होता. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतला अनुभव मागितला तेव्हा चौतीस वर्षांच्या नोकरीतले काही आठवायला हवे होते. आठवले ते निवृत्तीनंतरचे हे प्रकरण. ते नोकरीतच मोडते, असे माझे मत आहे.

मी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात होतो. कोणत्या, ते लिहीत नाही. तिथे काय तयार होत असे, तेही लिहीत नाही. काम मात्र समजावून सांगता येईल. समजा, एका पितळी नळीचे छिद्र वीस मिलिमीटरचे हवे आहे. नेमके वीस कधीच येत नाही. म्हणून रेखाचित्रात किंचित मोकळीक दिलेली असते: इतके कमी चालेल, इतके जास्त चालेल. त्या दोन मर्यादांसाठी पोलादाचा एक दांडा घडवलेला असतो. त्याचे एक टोक छिद्रात गेले पाहिजे. त्याला ‘गो’ म्हणतात. दुसरे टोक जाता कामा नये, ते ‘नो-गो’. पहिले अडले तर माल नापास, दुसरे गेले तरी नापास. यात मत, ओळख, दया यांना जागा नाही. मला हे काम मानवले.

कामगारांना तपासनीस आवडत नाही. तो काही घडवत नाही, फक्त नाकारतो, असे त्यांना वाटते. आमच्याकडे वसंतराव नावाचे टर्नर होते. लेथवर त्यांचा हात असा चाले की त्यांचा माल मी डोळे मिटून पास करू शकलो असतो. कधी केला नाही. एका मे महिन्यात त्यांची नळ्यांची पूर्ण खेप मी नापास केली; नो-गो टोक सरळ आत जात होते. वसंतराव माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

“साहेब, माझा हात चुकला म्हणता?”

“हात नाही. माल चुकला आहे.”

“माझ्याकरता ती एकच गोष्ट हाय,” असे म्हणून ते निघून गेले.

चूक माझी होती. तापलेल्या शेडमधून माल थेट आमच्या थंड खोलीत आला होता. पितळ उष्णतेने फुगते. माल खोलीत पुरेसा निवल्याशिवाय मोजू नये, असा नियम होता. त्या दिवशी घाई होती आणि मी तो मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी, विभागात कोणी येण्यापूर्वी, मी एकेक नळी पुन्हा मोजली. टोक आत गेले नाही. मी शेरा बदलला, खेप पुढे पाठवली आणि वसंतरावांना काही बोललो नाही. चूक कबूल करण्याची पद्धत आमच्या विभागात नव्हती. निदान माझी नव्हती.

वसंतरावांनी निवृत्तीनंतर जबलपूरच्याच रिछाई औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या वस्तू घडवण्याचा लहान कारखाना घातला. दोन यंत्रे, नऊ माणसे. आता ते नाहीत. कारखाना त्यांची मुलगी वर्षा चालवते. काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी ती नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आली. हातात कागदाची गुंडाळी होती.

“काका, एक कागद पाहून द्या. खरा आहे का खोटा, एवढंच सांगा.”

तिची अडचण तिने थोडक्यात सांगितली. गाड्यांच्या दिव्यांची झाकणे करण्याचे तिचे मोठे काम बंद झाले होते. एका यंत्रावर ताडपत्री पडली होती. दसऱ्यापर्यंत नवे काम आले नाही तर पाच जणांना येऊ नका म्हणून सांगावे लागणार होते. अशा वेळी नागपूरच्या एका व्यापाऱ्याने विचारणा केली होती: एका व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी पाठीवर बसणारे कडक कव्हर हवे. यंत्र बाजारात येईल त्याच दिवशी कव्हर दुकानात हवे. काम वर्षभर पुरेल. अट एकच. कव्हर यंत्रावर बसले तर माल घेणार, नाही तर नाही.

“यंत्र कुठे आहे?” मी विचारले.

“तेच तर. अजून निघालं नाही.”

“कंपनीने जाहीर केले असेल.”

“केलं नाही. कंपनी काही बोलूनच नाही राहिली.”

“मग माप कोणी दिले?”

वर्षाने नवऱ्याकडे पाहिले. श्रीकांतराव रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला, वय बेचाळीस. या वयाचा गृहस्थ संध्याकाळी दूरदर्शन संचासमोर बसून खेळ खेळतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावर माझे मत चांगले झाले नाही.

“काका, पक्की खबर आहे,” ते म्हणाले. “पूरी दुनिया हेच बोलून राहिली.”

“यांना घरातला गॅस संपला ते समजत नाही,” वर्षा म्हणाली. “तिकडे जपानात काय शिजून राहिलं, ते बरोबर समजते.”

श्रीकांतरावांनी मला विषय समजावून सांगितला. तो मी जसा समजलो तसा लिहितो. खेळाची यंत्रे आजवर दोन जातींची. एक घरात दूरदर्शन संचाला जोडलेले असते. ते शक्तिशाली, पण जागेवरून हलत नाही. दुसरे हातात धरण्याचे, स्वतःचा पडदा असलेले. ते कुठेही नेता येते, पण दुबळे. आता बोलवा अशी होती की एक जपानी कंपनी दोन्हींचे मिळून एकच यंत्र करीत आहे. घरी असताना ते मोठ्या पडद्यावर चालेल आणि बाहेर निघताना उचलून नेले तरी खेळ जिथे होता तिथूनच पुढे चालू राहील.

“हे किती जणांनी पाहिले?”

“पाहिलं तर कोणीच नाही.”

“मग सांगतो कोण?”

“ज्यांनी पाहिलं त्यांना ओळखणारे.”

“म्हणजे पाहणारे आहेत.”

“असतीलच ना, काका. बनवणाऱ्यांनी तर पाहिलंच असेल.”

या उत्तरात खोट काढता आली नाही.

वर्षाने गुंडाळी उघडली. संगणकाच्या पडद्याचा कोणीतरी तिरका फोटो घेतला होता. तो फोटो व्यापाऱ्याने फोनवर पाठवला आणि वर्षाने मोठा छापून आणला होता. पडद्यावर एक रेखाचित्र होते. मथळ्याची पट्टी फोटोत कापलेली. एक आडवी, चपटी पेटी. दोन्ही बाजूंना खाचा. वरच्या कडेला झरोके आणि एक फट. खालच्या कडेला मधोमध एक सॉकेट. मापे मिलिमीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. लांबी १७४.८७. उंची १०२.५१. जाडी १४.०७. बाजूची खाच ९२.४६.

मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि कागद परत दिला.

“खोटा आहे.”

“काहून?”

“ज्याला वस्तू घडवायची असते तो एकशे चौऱ्याहत्तर लिहितो किंवा एकशे पंच्याहत्तर लिहितो. त्यापुढे मोकळीक देतो. एकशे चौऱ्याहत्तर आणि वर सत्त्याऐंशी शतांश, असे माप कोणी ठरवत नाही. हे आकडे ठरवलेले नाहीत, काढलेले आहेत. कोणीतरी एखाद्या चित्रावर पट्टी ठेवून हिशेब केला आहे. आमच्या प्रत्येक रेखाचित्राच्या तळाशी छापलेले असे: चित्रावरून माप घेऊ नये. या माणसाने तेच केले.”

श्रीकांतरावांचा चेहरा उतरला. वर्षाने कागद पुन्हा टेबलावर ठेवला.

“मग व्यापाऱ्याला नाही म्हणू?”

“नाही म्हण.”

“कागद ठेवा तुमच्याकडे,” ती म्हणाली. “माझ्याजवळ दुसरी प्रत आहे.” चहा पिऊन ते दोघे गेले. मी लाल पेन्सिलीने कागदावर ‘नापास’ लिहिले आणि तारीख घातली.

इथे प्रकरण संपायला हवे होते. पण टेबलावर पडलेला कागद मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिला. खालच्या कडेला, सॉकेटच्या दोन्ही बाजूंना, दोन लहान छिद्रे होती. आदल्या दिवशी मी ती स्क्रूची समजलो होतो. स्क्रूच्या छिद्राला आटे असतात आणि रेखाचित्रात ते दाखवण्याची ठरलेली खूण असते. ती खूण इथे नव्हती. शिवाय डावे छिद्र गोल होते आणि उजवे किंचित लांबट.

लांबट का, हे बाहेरच्या माणसाला सांगितले पाहिजे. एखादी वस्तू दिवसातून शंभर वेळा एकाच जागी बसवायची आणि उचलायची असेल, तर बैठकीवर दोन खुंट्या ठेवतात आणि वस्तूला दोन छिद्रे. दोन्ही छिद्रे गोल केली तर खुंट्यांमधल्या अंतरात केसाएवढा फरक पडला तरी वस्तू अडकते. म्हणून एकच छिद्र गोल करतात. ते जागा ठरवते. दुसरे लांबट, ते वस्तूला फक्त फिरू देत नाही. आमच्या कारखान्यात प्रत्येक बैठक अशीच असे. ज्याने कधी हाताने काम केले नाही त्याला हे सुचणार नाही. लोकांना फसवण्यासाठी चित्र काढणारा माणूस दोन्ही छिद्रे गोल काढील, कारण ती दिसायला बरी दिसतात.

म्हणजे आकडे अडाण्याचे होते आणि छिद्रे जाणत्याची. एका कागदावर ही दोन माणसे एकत्र कशी आली, हे मला कळेना. जे कळत नाही ते सोडून देण्याची सवय मला नाही. मी श्रीकांतरावांना फोन केला.

ते कार्यालयात जाण्यापूर्वी आले. “काका, तुम्ही तर नापास केलं ना ते?”

“केले. यंत्र चालताना तापते का?”

“घरचं खूप तापते. आतमध्ये पंखा असतो.”

“हातातले?”

“त्यात पंखा नसतो.”

“या चित्रात झरोके वरच्या कडेला आहेत. गरम हवा वर जाते. याचा अर्थ यंत्र उभे राहते. हातात ते आडवे असते, मग उभे कुठे राहते?”

श्रीकांतराव खुर्चीच्या टोकाशी आले. “स्टँडमध्ये! काका, लोक म्हणूनच तर राहिले, टीव्हीजवळ एक स्टँड असणार. यंत्र त्यात ठेवलं की टीव्हीवर.”

“आणि बाजूच्या खाचा?”

“हातात धरायच्या दोन्ही मुठी निघतात म्हणे. सरकवून.”

“म्हणे,” मी म्हणालो. “पण खाच दोन्ही बाजूंना सारखी आहे आणि वरून उघडी आहे. सरकणारी वस्तू अशीच बसवतात.”

त्यानंतर तीन दिवस ते रोज सकाळी येत होते. प्रत्येक दिवशी नवी बोलवा. एकजण म्हणत होता की स्टँडमध्येच खरे यंत्र आहे आणि हातातला भाग नुसता पडदा आहे. दुसरा म्हणत होता की जुन्या काळासारखी खेळाची कॅसेट परत येणार. तिसऱ्याच्या मते हे सगळे झूठ. मी प्रत्येक बोलवेला एकच प्रश्न विचारत असे: हे खरे असेल तर या चित्रात त्याची कोणती खूण दिसली पाहिजे? स्टँडमध्ये यंत्र असते तर हातातल्या भागाला एवढ्या झरोक्यांची गरज नव्हती. कॅसेटसाठी वरच्या कडेला एक फट होती. श्रीकांतराव हे सर्व ऐकून म्हणाले, “काका, तुम्ही आमच्या ग्रुपवर लिहा ना. लोक पागल होऊन जातील.” मी लिहिले नाही. पण खोटे कशाला बोलू. चौथ्या दिवशी ते यायला उशीर झाला तेव्हा मी दोनदा फाटकाकडे पाहिले.

आकडे मात्र सुटत नव्हते. म्हणून मी रिछाईला गेलो. प्लास्टिकचा कारखाना मी तोवर आतून नीट पाहिला नव्हता. माझे आयुष्य पितळात आणि पोलादात गेले. वर्षा बँकेत गेली होती. तिचे साचे करणारे तिवारीजी होते; साठीचे, पान खाणारे, बोलताना हातातले काम न थांबवणारे. साच्याला ते डाई म्हणतात. पोलादाच्या दोन ठोकळ्यांत वस्तूच्या आकाराची पोकळी कोरायची, ठोकळे घट्ट मिटवायचे, आत वितळलेले प्लास्टिक दाबायचे. निवले की वस्तू बाहेर. ते एका डबीची पोकळी मोजत होते. डबी शेजारीच पडली होती. मी सवयीने दोन्ही मोजल्या.

“तिवारीजी, डाई बड़ी है.”

“बड़ी ही रहेगी, साहब.”

“क्यों?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पाणी ओले का असते असे विचारले आहे. “प्लास्टिक ठंडा होके सिकुड़ता है. हजार में पाँच. सौ का माल चाहिए तो डाई में आधा ऊपर से काटो. नहीं तो डिब्बा छोटा, ढक्कन बड़ा, और मालकिन की डाँट अलग.”

मी खिशातून कागद काढला. खडूचा तुकडा मागून घेतला आणि तिथल्याच एका पत्र्यावर भागाकार मांडला. १७४.८७ मधून आकसण्यासाठी धरलेली हजारी पाचाची वाढ काढली. नेमके एकशे चौऱ्याहत्तर. १०२.५१; नेमके एकशे दोन. १४.०७; चौदा. खाच ९२.४६, ब्याण्णव. बाकी कुठेही उरली नाही.

तिवारीजी मान वळवून पाहत होते. “ये तो डाई का कागज है, साहब. माल का थोड़ी है.”

तसेच होते. पडद्यावरचे रेखाचित्र यंत्राचे नव्हतेच. यंत्राचे कवच ज्या साच्यात घडते त्या साच्याचे होते. कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात, तिवारीजींसारखाच कोणी साचा कापणार होता आणि त्याच्या पडद्याचा फोटो कोणीतरी चोरून घेतला होता. लोकांना फसवणारा माणूस साच्याची वाढ धरून आकडे लिहीत नाही. ज्या आकड्यांमुळे मी कागद खोटा ठरवला होता, त्या आकड्यांमुळेच तो खरा होता. वर्षाला ही वाढ रोजची. पण तो कागद वस्तूचा म्हणून आला होता आणि वस्तूच्या कागदात साच्याची वाढ कोणी शोधत नाही. शोधायला हवी होती ती मी. माझ्याकडे तो तपासायला दिला होता.

वर्षा आली तेव्हा मी उभाच होतो.

“वर्षा, व्यापाऱ्याला नकार कळवलास?”

“का?”

“कळवलास की नाही, ते सांग.”

“नाही कळवला.”

“मी सांगितले होते.”

ती पर्स ठेवता ठेवता म्हणाली, “बाबा सांगायचे, साहेबांनी माल नापास केला की लगेच भंगारात टाकायचा नाही. दोन-चार दिवस तसाच ठेवायचा. ते सकाळी लवकर येतात आणि पुन्हा मोजतात. कोणाला सांगत नाहीत, पण मोजतात.”

“हे त्यांना ठाऊक होते?”

“सगळ्या शेडला ठाऊक होतं, काका.”

मी पत्र्यावरचा भागाकार दाखवला. चुकलो, हा शब्द उच्चारला. तो फार कठीण गेला असे नाही. उशीर मात्र बराच झाला होता आणि ज्यांना तो म्हणायला हवा होता ते वसंतराव ऐकायला नव्हते.

आता खरा प्रश्न उभा राहिला. व्यापारी फोनवर ठाम होता: “मॅडम, कागद में जो लिखा है वही बनाओ, दिमाग मत लगाओ.” कागदाप्रमाणे कव्हर केले तर ते यंत्राहून जवळजवळ एक मिलिमीटर सैल होणार आणि पाठीवरून निसटणार. माझ्या भागाकाराप्रमाणे केले आणि माझा तर्क चुकीचा निघाला तर ते बसणारच नाही. साच्यासाठी वर्षाकडे पोलादाचा एकच ठोकळा होता. पोलाद एकदा कापले की परत जोडता येत नाही. आणखी एक निर्णय होता. यंत्र केवळ हातात धरण्याचे असेल तर कव्हर खालपर्यंत पूर्ण हवे. स्टँडमध्ये उतरणारे असेल तर खालची कड उघडी ठेवायला हवी, नाही तर सॉकेट झाकले जाईल. म्हणजे सगळी बोलवा आता त्या एका ठोकळ्यावर येऊन बसली होती.

“तुम्ही काय कराल?” वर्षाने विचारले.

“आकडे भागाकाराचे. खालची कड उघडी. ते यंत्र दोन्ही आहे. घरचेही आणि हातातलेही.”

“नक्की?”

“वस्तू पाहिलेली नाही. नक्की म्हणता येत नाही. पण ज्याने ती दोन छिद्रे काढली, त्याला ती वस्तू रोज ठेवायची आणि उचलायची आहे.”

श्रीकांतराव मध्येच म्हणाले, “मी तर पहिल्या दिवसापासून हेच सांगून राहिलो.”

“तुम्ही सांगत होतात,” मी म्हणालो. “मी मोजले.”

“बस, आता दोघं भांडा,” वर्षा म्हणाली. “पोलाद माझं जाते.”

नवे रेखाचित्र मी काढले. त्यावर आमच्या प्लास्टिकची वाढ तिवारीजींनी धरली. पण ठोकळा कापण्याच्या यंत्रावर चढवायला ते तयार होईनात. त्यांनी कागदाचा खालचा कोपरा दाखवला. तिथे दोन चौकटी असतात: कोणी काढले आणि कोणी तपासले. दोन्ही नावांशिवाय लोखंडाला हत्यार लावायचे नाही, ही त्यांची पद्धत. वसंतरावांनी घालून दिलेली. वर्षा पेन उघडून पुढे झाली. मी ते तिच्या हातातून घेतले. चौतीस वर्षांत जी वस्तू माझ्या हातात आली नाही तिच्या कागदावर मी सही केलेली नाही. दोन्ही चौकटींत एकाच माणसाने सही करणे तर नियमातही बसत नाही. मी दोन्हींत केली. चुकले तर नाव एकाचेच असावे, एवढाच विचार होता.

साचा झाला. कव्हरे निघू लागली. पहिली खेप तयार होऊन खोक्यांत बसली. यंत्र अजून निघालेले नव्हते. त्या काळात वर्षा मला फोनवर कधी काही विचारीत नसे. मीही नसे. श्रीकांतराव मात्र रोज बातमी देत. कधी यंत्र महिन्यावर आलेले असे, कधी रद्द झालेले असे. ज्या दिवशी ते रद्द झालेले असे त्या दिवशी मी जेवण कमी करीत असे, असे घरात म्हणतात.

मग कंपनीने ते जाहीर केले. ते दोन्ही होते. मुठी निघत होत्या, कॅसेट होती, स्टँड होता. यथावकाश ते बाजारात आले, आणि नागपूरच्या व्यापाऱ्याने एक नग बसने पाठवला. श्रीकांतराव सुट्टी टाकून नागपूर रस्त्यावर तिलवाऱ्याला नर्मदेच्या पुलाजवळ जाऊन उभे राहिले, बस शहरात येईपर्यंतसुद्धा त्यांना धीर नव्हता. कारखान्यात सगळे जमले. खोके उघडल्यावर वर्षाने यंत्र माझ्या हातात दिले. मी आधी कॅलिपर लावला. एकशे चौऱ्याहत्तर. एकशे दोन. चौदा. त्यानंतर खालची कड पाहिली. डावे छिद्र गोल, उजवे लांबट. मी यंत्र पुष्कळ वेळ हातात धरून होतो, असे तिवारीजी सांगतात.

कव्हर बसले. टक् असा आवाज झाला आणि ते हलेना. मग श्रीकांतरावांनी यंत्र कव्हरासह स्टँडमध्ये उतरवले. ते अर्ध्यावर अडले.

कव्हराची पाठीमागची खालची कड स्टँडच्या फटीत जात नव्हती. कव्हराची जाडी मी एक मिलिमीटर ठेवली होती. फटीत तेवढी जागाच नव्हती. चोरलेल्या कागदावर फक्त यंत्र होते. ते ज्या जागेत बसायचे तिचा कागद कोणी चोरला नव्हता आणि तिचा विचार मी केला नव्हता. नगाकडे पाहायचे आणि तो जिथे बसणार तिकडे पाहायचे नाही, ही तपासनिसाची चूक आहे. दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला उभे करून बोललो असतो. मला कोणी बोलले नाही. वर्षा खोक्यांच्या रांगेकडे पाहत होती.

“घासता येईल?” मी विचारले.

तिवारीजींनी अंगठ्याने कड चाचपली. “घिस जाएगा साहब. मगर हाथ से. एक-एक.”

पुढच्या खेपांसाठी साच्यात त्या कडेच्या जागी पोलादाचा तुकडा बसवायचे ठरले; प्लास्टिक कमी करायचे तर साच्यात लोखंड वाढवावे लागते. पण तयार माल घासण्यावाचून गत्यंतर नव्हते. व्यापाऱ्याने सहा दिवस दिले. तिवारीजींनी सराफ्यातून सोनारांच्या बारीक कानशी आणल्या. व्यापाऱ्याने माल घेतला, हे आधीच सांगून टाकतो. दसरा होऊन गेला आणि कोणाला घरी बसावे लागले नाही. दुसऱ्या यंत्रावरची ताडपत्री निघाली.

त्या सहा दिवसांत कारखान्यातले सगळे घासायला बसले. मीही बसलो. नोकरीत असताना मी कानस कधी हातात धरली नव्हती. कानशीने माल सुधारणाऱ्यांना मी पकडत असे. तपासणी वर्षाने स्वतःकडे घेतली. तिवारीजींनी तिला स्टँडच्या फटीएवढी फट असलेला पोलादाचा एक तुकडा करून दिला होता. प्रत्येक कव्हराची कड त्यातून गेली पाहिजे. चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली आणि मी घासून ठेवलेली कव्हरे एकेक करून त्या फटीत घालू लागली. सात गेली. आठवे अडले.

तिने ते काढले, पुन्हा घातले. पुन्हा अडले.

“काका, हे जाऊन नाही राहिलं.”

“कुठे अडते?”

“डाव्या कोपऱ्यात. पाहता?”

“नको. तू पाहिलेस.”

शेजारच्या टेबलांवर कानशींचा आवाज थांबला होता. वर्षा क्षणभर घुटमळली. मग तिने कव्हर माझ्यापुढे ठेवले.

“मग परत,” ती म्हणाली, आणि नववे उचलले.

मी ते जवळ ओढले आणि डावा कोपरा घासायला घेतला.